डंकन रेनीच्या नावामधली जागा

बुधवार, ८ नोव्हेंबर १९९५. सकाळी सव्वाअकरा वाजता बहरीनमधल्या मनामा शहरातल्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीच्या भिंतीवर एक पितळी पाटी बसवण्यात आली. पावणेदोन फूट रुंद, एक फूट उंच, चार स्क्रू. अकरा वाजून वीस मिनिटांनी मृताच्या बहिणीने ती वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली आणि नाव चुकलं असल्याचं सांगितलं.

बहिणीचं नाव जीन रेनी. वय एकाहत्तर, निवृत्त शिक्षिका, स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉकची. पाटीवर कोरलं होतं: डंकन थॉमस रेनी, रॉयल एअर फोर्स, जन्म ग्रीनॉक १९१९, मृत्यू मुहर्रक १४ मार्च १९४३. त्याखाली, तिच्याच आग्रहावरून, दोन शब्द: हौशी फुटबॉलपटू.

"थॉमस कुठून आलं?" तिने विचारलं.

पाटी कोरणारा अनिरुद्ध मेश्राम शेजारीच उभा होता. एरवी तो पाट्या बसवायला जात नसे. ते काम इक्बालचं. पण सहा वर्षांत त्याने कोरलेल्या पाट्यांवर बहुतेक करून मॅनेजर, अकाउंट्स, आत ढकला, बाहेर ओढा असंच असायचं. फुटबॉलपटू हा शब्द पहिल्यांदाच आला होता, म्हणून तो पिकअपमध्ये बसून आला होता.

"तुमच्या वडिलांचं नाव आहे ना, मॅडम," तो म्हणाला.

"हो. वडिलांचं आहे. डंकनचं नाही."

इक्बाल ड्रिल हातात घेऊन दोघांकडे बघत होता. "निकालूँ क्या, भाई?"

"निकाल."

डंकनचं विमान मुहर्रक बेटाच्या उत्तरेला समुद्रात पडलं होतं. तो वैमानिक नव्हता. विमानांची यंत्रं दुरुस्त करणारा होता, आणि दुरुस्त केलेलं यंत्र तपासायला त्या दिवशी वर गेला होता. मृतदेह मिळाला नाही, त्यामुळे कबर नाही. दुसऱ्या एका देशातल्या स्मारकावर काही हजार नावांत त्याचं नाव आहे. बहरीनमध्ये काहीच नव्हतं. जीनने आठ महिने पत्रं लिहून या भिंतीवर पाटी लावायची परवानगी मिळवली होती. युद्धातल्या मृतांची स्मरणसभा शुक्रवारी, दहा तारखेला होती. इथली सुट्टी शुक्रवारची, म्हणून सभाही शुक्रवारी. शनिवारी तिचं परतीचं विमान होतं. बरोबर नावाची पाटी लावायला दोन दिवस उरले होते.

चूक कशी झाली ते मीना सलमान बंदराजवळच्या वर्कशॉपमध्ये त्याच दुपारी उलगडलं. ग्रीनॉकहून आलेला फॅक्स दोन पानांचा होता. पहिल्या पानावर पाटीचा मजकूर. दुसऱ्या पानावर लष्करी नोंदीची प्रत, तिच्या तळाशी 'थॉमस आणि ॲग्नेस रेनी यांचा मुलगा' असं वाक्य. आखणी करताना अनिरुद्धला पहिली ओळ आखूड वाटली. नाव आणि आडनाव यांच्यामध्ये काहीतरी राहून गेलंय, टाइप करणाऱ्याने गाळलंय, असं त्याने धरलं. दुसऱ्या पानावर वडिलांचं नाव सापडलं, ते त्याने मध्ये बसवलं. ग्राहकाने नमुन्यावर सही केल्याशिवाय पत्र्याला कटर लावायचा नाही, असा वर्कशॉपचा नियम होता. पण नमुना फॅक्स झाला तेव्हा जीन घरून निघालेली होती. सही केली मॅनेजर गुरुप्रसाद आगाशे यांनी.

"मेश्राम, मजकुरात मधलं नाव होतं का?" आगाशे पुण्याचे इंजिनिअर, आवाज चढवत नसत.

"खालच्या पानावर होतं, सर. सन ऑफ थॉमस."

"अहो, ती त्यांची लिहायची पद्धत आहे."

"आपली पण तीच आहे ना, सर. तुमच्या दारावर गुरुप्रसाद विश्वनाथ आगाशे मीच कोरलंय. तुम्ही तरी कुठं सांगितलं होतं विश्वनाथ टाका म्हणून? तुमच्या कार्डावरून घेतलं."

आगाशेंनी फॅक्सची दोन्ही पानं पुन्हा चाळली. "आणि मी पण वाचून सही केली," ते म्हणाले. "मलाही काही खटकलं नाही. उद्या बारापर्यंत दुसरी करा. पत्रा आहे?"

"एकच तुकडा आहे त्या मापाचा."

"मग या खेपेला तरी माझ्या सहीवर जाऊ नका."

घरी जेवताना अनिरुद्धने बायकोला सांगितलं. ज्योत्स्ना नागपूरची, बहरीनला येऊन तिला चार वर्षं झाली होती, भाषा तसूभर बदलली नव्हती.

"तुमाले कोनं सांगतलं होतं बापाचं नाव घालाले?"

"मले वाटलं राहून गेलं असन."

"बाई एवढ्या दुरून आली, अन् तुमी तिच्या भावाचं नाव तिलेच शिकवून राहिले."

मुलगी श्रावस्ती सातवीत होती. मराठी तिला सगळं कळे. उत्तर इंग्रजीत येई. "पपा, दे डोन्ट पुट फादर्स नेम. मिडल नेम कॅन बी एनीथिंग. माय फ्रेंड्स मिडल नेम इज रोझ."

"रोझ बापाचं नाव आहे का?"

"नो, पपा. इट्स अ फ्लॉवर."

ज्योत्स्ना हसली. अनिरुद्ध हसला नाही.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता जीन टॅक्सी करून वर्कशॉपमध्ये आली. नमुन्यावर तिने स्वतः सही केली. आगाशेंनी केबिनमध्ये बसायचा आग्रह केला. तिने मशीनपाशी स्टूल मागितलं. पँटोग्राफच्या एका टोकाची सुई साच्यातल्या अक्षरावरून फिरते आणि दुसऱ्या टोकाचा कटर तेच अक्षर पितळेत उतरवतो. ती बराच वेळ ते बघत राहिली. डी संपला, यू सुरू झाला.

"मिस्टर मेश्राम, मी काल कडक बोलले का?"

"नाही, मॅडम. चूक माझी होती."

"तुम्हाला ती ओळ आखूड का वाटली?"

अनिरुद्धने मशीन थांबवलं. इंग्रजी तो कामापुरतं बोले. यासाठी ते पुरेल की नाही याची त्याला खात्री नव्हती. तरी त्याने सांगितलं. त्याचं गाव कामठी, नागपूरजवळ. तिथे लष्कराची छावणी. त्याचे आजोबा छावणीच्या पागेत घोड्यांच्या कामाला होते. त्यांचं नाव सीताराम जानबा मेश्राम. हजेरीच्या वहीत बावीस वर्षं नुसतं 'सित्या' लिहिलं गेलं. बापाच्या नावाच्या रकान्यात रेघ. बाप माहीत नव्हता असं नाही. लिहिणाऱ्याने विचारलंच नाही. पुढे अनिरुद्धला शाळेत घालताना त्याचे वडील रामजी मास्तरांच्या टेबलाशी उभे राहिले, आणि अनिरुद्ध रामजी मेश्राम एवढं पूर्ण लिहून होईपर्यंत हलले नाहीत.

"आमच्याकडं नाव छोटं झालं, की कोणीतरी छोटं केलेलं असतं," तो म्हणाला. "म्हणून माझा हात थांबला नाही."

जीनने मान हलवली. मग तिने तिचं सांगितलं.

थॉमस रेनी तरुणपणी पगारी फुटबॉलपटू होता. चार हंगाम खेळला. सव्विसाव्या वर्षी गुडघा गेला, आणि त्याच आठवड्यात क्लबने त्याचं नाव यादीतून काढलं. उरलेलं आयुष्य त्याने गोदीत रिव्हेट ठोकण्यात काढलं. घरात चेंडू येऊ द्यायचा नाही, हा त्याचा कायदा. डंकन अठरा वर्षांचा झाला आणि चोरून खेळू लागला. हौशी संघात, कारण तिथे करार नाही, पगार नाही, घरी कागद येत नाही. पण शनिवारी गावच्या वर्तमानपत्रात संघाची यादी छापून येई. त्यावर तिकडे एक जुनी सोय होती: ज्याला नाव लपवायचं असेल त्याच्या जागी 'न्यूमन', म्हणजे नवा माणूस, असं छापत. कोण न्यूमन ते सगळ्या गावाला माहीत असे, विचारायचं नाही एवढंच. डंकन दोन हंगाम न्यूमन होता. त्याने एकोणतीस गोल केले, ते सगळे न्यूमनचे.

"मी चौदा वर्षांची होते. कात्रणं एका वहीत चिकटवायचे," जीन म्हणाली. "त्याचं नाव खेळाडू म्हणून कुठेच छापलेलं नाही. एकदाही नाही. ही पाटी पहिली. आणि तिच्यात मधोमध तोच माणूस येऊन बसला, ज्याच्यापासून तो नाव लपवत होता. कळलं ना, मला एवढं का लागलं?"

"कळलं."

"तुमचे वडील खेळू द्यायचे?"

"तेच खेळायचे." कामठीत फुटबॉलचं वेड मोठं. रामजी विडीच्या कारखान्यात पानं कापत आणि संध्याकाळी अनवाणी लेफ्ट हाफला खेळत. लढाईच्या काळात छावणीतल्या गोऱ्या पलटणींशी सामने होत. बूट घातलेले गोरे चिखलात घसरून पडले की आधी स्वतःच हसत, ही गोष्ट रामजींनी मुलाला शंभर वेळा सांगितली असेल. रविवारी सायकलच्या दांड्यावर मुलगा, हँडलला चेंडूची जाळी, असे ते मैदानावर जात. अनिरुद्ध गोलकीपर झाला, कारण तो भित्रा होता आणि रामजींच्या मते भित्र्याचं लक्ष चेंडूवरून हटत नाही. १९८९ च्या जुलैत ते वारले. अनिरुद्धला बहरीनला येऊन तीन महिने झाले होते. लीव्ह लागू नव्हती. पत्र बाराव्या दिवशी मिळालं.

यातलं शेवटचं त्याने जीनला सांगितलं नाही. मशीन सुरू केलं. एन, सी, ए, एन. मग जागा. मग आर.

साडेअकराला पाटी झाली. अक्षरांत काळा रंग भरून वाळत ठेवली. जुनी पाटी शेजारच्याच टेबलावर होती. जीन दोन्हींसमोर उभी राहिली आणि बराच वेळ पोचपावतीवर सही करेना.

"एक गोष्ट राहिली," ती म्हणाली. "ती मी कोणाला सांगितलेली नाही."

तार आली त्यानंतर चारेक महिन्यांनी तिने ती वही उघडली होती. प्रत्येक कात्रणात न्यूमनवर पेन्सिलीने बारीक रेघ मारलेली होती आणि वर, कॅपिटल अक्षरांत, डी. रेनी लिहिलेलं होतं. एकोणचाळीस ठिकाणी. वही तिच्या गादीखाली असायची. घरात तेव्हा आई होती आणि वडील होते. तिने दोघांनाही विचारलं नाही, दोघंही काही बोलले नाहीत. आई १९६१ मध्ये गेली, वडील त्याच्या पुढच्या वर्षी.

"तुम्हाला काय वाटलं, कोणी लिहिलं?" अनिरुद्धने विचारलं.

"बावन्न वर्षं मी आई म्हणते आहे." ती जुन्या पाटीकडे बघत होती. "काल या पाटीवर ते नाव दिसलं आणि पहिल्यांदा मनात आलं, की मी कधी तपासलंच नाही."

शुक्रवारी सकाळी आठला सभा झाली. दीडएकशे माणसं होती, कागदी फुलांची चक्रं होती, नौदलाच्या एका माणसाने बिगुल वाजवला. नावं वाचली गेली त्यात डंकन रेनी हे नाव होतं, मध्ये काही नव्हतं. भिंतीवर पाटी नव्हती, कारण जीनने पोचपावतीवर सही केलीच नव्हती. अनिरुद्ध आणि इक्बाल फाटकाबाहेर पिकअपमध्ये दोन्ही पाट्या घोंगडीत गुंडाळून बसले होते. सभा संपल्यावर जीन गाडीपाशी आली.

"आज नको," ती म्हणाली. "घरी जाऊन वही बघते. मग कळवते कुठली लावायची. दोन्ही तुमच्याकडे राहू देत."

"मॅडम, तुम्ही त्यासाठीच आला होता."

"हो ना," ती म्हणाली. "आता चूक केली तर ती पितळेत राहील."

इक्बालने ड्रिल सीटखाली सरकवलं. "तीन दिन में दो बार लाया, दो बार खाली हाथ. अंकल का नसीब देखो."

"मैडम का भाई है, तेरा अंकल नहीं."

"तो क्या हुआ. फुटबॉलर सबका अंकल होता है."

जीनने विचारलं तो काय म्हणाला. अनिरुद्धने भाषांतर केलं. ती हसली, आणि डंकनच्या पत्रांबद्दल बोलू लागली. मुहर्रकहून तो लिहायचा की इथे गवताचं एक पातं नाही, गोलपोस्टच्या जागी तेलाची पिंपं आहेत, आणि मोती काढणारे लोक किनाऱ्यावर बसून सामना बघतात आणि चेंडू समुद्रात गेला की बुडी मारून आणून देतात. इथे त्याला न्यूमन व्हावं लागत नव्हतं. पत्राखाली तो 'सेंटर फॉरवर्ड रेनी' अशी सही करी. पत्र वडिलांच्या हाती पडेल याची त्याला पर्वा उरली नव्हती, की ते पडावं असं वाटत होतं, हे तिला सांगता येत नव्हतं.

त्या दुपारी चार वाजता मआमीर गावाच्या कडेच्या मोकळ्या जागेत नेहमीचा सामना होता. वर्कशॉप विरुद्ध गोदाम. अनिरुद्धने सहज विचारलं आणि जीन आली. तिला प्लास्टिकची खुर्ची दिली. पलीकडे रिफायनरीची चिमणी, वाऱ्याला गंधकाचा वास, पायाखाली कडक माती. गोलपोस्टच्या जागी इथेही पिंपंच होती, रंगाची, वर्कशॉपमधून आणलेली. त्रेचाळीस वर्षांचा अनिरुद्ध त्यांच्यामध्ये उभा राहिला. पहिल्या दहा मिनिटांत त्याने एक गोल खाल्ला.

"मेश्राम अण्णा, मॅडमकडं बघू नका, चेंडूकडं बघा," बचावातल्या मयुरेशने ओरडून सांगितलं. तो कोल्हापूरचा वेल्डर.

"तू तुझा माणूस पकड आधी."

"माणूस पकडायला धावावं लागतंय. मी रात्रपाळीचा हाय."

जीन पूर्ण वेळ बसली. मध्ये एकदा चेंडू तिच्या पायाशी आला, तेव्हा तिने खुर्चीत बसूनच तो डाव्या पायाने परत मारला. सरळ गेला. गोदामवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. सामना ३-१ असा वर्कशॉपने गमावला. शनिवारी ती गेली.

नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. दोन्ही पाट्या वर्कशॉपच्या रॅकवर वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या होत्या. आगाशेंनी दोनदा विचारलं, दुसऱ्यांदा विचारताना तेच म्हणाले, "राहू द्या, जागा खात नाहीत."

१७ जानेवारी १९९६ ला जाड पाकीट आलं. अनिरुद्ध रामजी मेश्राम, असं पूर्ण नाव लिहिलेलं. आत पत्र आणि तीन झेरॉक्स. पहिल्या झेरॉक्सवर वहीतली सहा कात्रणं, त्यावर पेन्सिलीने लिहिलेलं डी. रेनी. दुसऱ्यावर गोदीतल्या कामगार संघटनेच्या कार्डाचा फॉर्म, थॉमस रेनीने स्वतः कॅपिटल अक्षरांत भरलेला. तिसऱ्यावर लोणच्याच्या बरणीवरची चिठ्ठी: ओनियन, १९४१. आईच्या हातची. एवढं एकच उरलं होतं.

पत्र एका पानाचं होतं. मी बघून बघून थकले, जीनने लिहिलं होतं. मला जे हवं ते मला दिसतं, आणि दुसऱ्या दिवशी ते उलटं दिसतं. तुम्ही आयुष्यभर अक्षरं केली आहेत. तुम्ही बघा. वडिलांचा हात असेल तर पहिली पाटी लावा, थॉमससकट. नसेल तर दुसरी. चौदा मार्चपूर्वी लागली तर बरं. तुम्ही सांगाल ते मी मानेन.

अनिरुद्धने ते पत्र घरी वाचून दाखवलं.

"कोणाचं निघते?" ज्योत्स्नाने विचारलं.

"बघावं लागते अजून."

"बघता कायले? तुमाले तं थो बापच पायजे."

"म्हणूनच घाई नाही करून राहिलो."

श्रावस्ती झेरॉक्स उजेडाला धरून बघत होती. "पपा, व्हॉट इफ इट्स नायदर?"

त्याने तिच्या हातून कागद काढून घेतला.

तेव्हापासून रोज जेवणाच्या सुट्टीत तो आखणीच्या टेबलावर तिन्ही कागद मांडतो. पँटोग्राफवर घालून त्याने प्रत्येक अक्षर चौपट मोठं करून ट्रेसिंग पेपरवर उतरवलं आहे. कात्रणावरचं अक्षर खाली, नमुन्याचं वर, असं एकावर एक ठेवून तो बघतो. इक्बाल डबा खाता खाता विचारतो, "अंकल का कुछ हुआ?" आणि उत्तराची वाट न बघता पुढचा घास घेतो. आगाशेंनी एकदा येऊन भिंग ठेवून दिलं.

गुरुवार, १ फेब्रुवारीपर्यंत एवढं झालं आहे. आर जुळतो. त्याचा तिरका पाय रेषेखाली उतरतो, फॉर्मवरही आणि सहाही कात्रणांवर. तसा आर थॉमसचाच. बरणीच्या चिठ्ठीवर आर नाहीच. एन मात्र फॉर्मशी जुळत नाही. थॉमसचा एन अरुंद आहे, त्याची मधली रेघ तळापर्यंत पोचत नाही. कात्रणांवरचा एन रुंद आहे आणि पूर्ण पोचतो; चिठ्ठीवरच्या एनवर तो तंतोतंत बसतो. एकाच नावात एक अक्षर बापाचं दिसतं, एक आईचं. जीनला अजून काही कळवलेलं नाही.